दोन शेगड्या, एक फ्यूज

बाहेर सकाळची थंडी दाराला टेकून बसलेली, आत लेक बापाच्या उशाशी. बापाला हवा पुरवणारं मशीन दीड अँपिअर खायचं, शेगडी चार. आणि फ्यूज पाचाचा. फ्यूज उडाला की मशीन बंद. फ्यूजच्या पेटीला कुलूप लावून घरमालक परगावी गेलेला. बापाची बोटं गारठ्यानं निळी पडत चालली.

"श्वास ठेवू की ऊब, बाबा?" लेक रडकुंडीला आली.

बापानं जन्मभर विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळल्या होत्या. "खाटेखालची जुनी शेगडी काढ. अगदी तशीच आहे."

"म्हणजे आठ अँपिअर? वेड लागलंय का तुम्हाला?"

"शेजारी-शेजारी नको गं, एकीच्या पाठी दुसरी जोड. तापट माणसं रांगेत उभी केली की निवतात. मांड हिशोब."

"दोनशे तीस व्होल्ट भागिले चार, साडेसत्तावन्न ओहम. दोघींचे एकशे पंधरा. मग प्रवाह दोनच अँपिअर! चारशे साठ वॉट."

"मशीन धरून?"

"साडेतीन."

तिनं शेगडीचा प्लग काढून दोघींच्या तारा जोडल्या, टेपानं गुंडाळल्या, मग बटण दाबलं. मशीनची घरघर तुटली नाही. शेगड्यांच्या तारा लालबुंद झाल्या नाहीत, पण हाताला मऊ ऊब लागली. हळूहळू बापाची बोटं सैलावली.

"आता जरा उन्हात जाऊन ये. किती दिवस कोंडून घेतलंयस."

तिनं एक चप्पल पायात घातली. दाराशी उभी राहून मशीनची घरघर ऐकली.

"थोड्या वेळानं जाते," म्हणाली, आणि परत उशाशी येऊन बसली.