पाटावरची माझी जागा

मित्रांनो, दार सताड उघडलं की त्याच्यामागे एक अरुंद कोपरा तयार होतो. तिथे केरसुणी असते, कधी मोडकी छत्री असते आणि पुष्कळ घरांत एक जुनी काठीही असते. वडवणीच्या पेठेत भांड्यांचं एक दुकान आहे, दुकानाच्या मागे घर आहे, आणि त्या दोहोंमधल्या दाराआड बेचाळीस वर्षं उभी राहिलेली काठी म्हणजे मी.

माझा जन्म बालाघाटाच्या उतारावर, वेळूच्या बेटात झाला. मी भरीव आहे, हे आधीच सांगते. पोकळ काठ्या पुष्कळ मिळतात. मला तोडलं, विस्तवावर धरून सरळ केलं, करडीचं तेल पाजलं, खालच्या टोकाला लोखंडी कडं बसवलं आणि कपिलधारच्या यात्रेत विकायला मांडलं. तिथे मल्लिकार्जुनअप्पांनी मला उचललं. भांडी विकणारा माणूस प्रत्येक वस्तू वाजवून घेतो. त्यांनी मला दगडावर एकदा आपटलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही माझी."

या दोन शब्दांवर मी आयुष्य काढलं. अप्पांबरोबर आठवडी बाजार फिरले. माळ्यावरच्या कळशा खाली काढल्या. परसातली घोणस हुसकावली. एकदा शटर वाकवायला आलेले दोघं तर माझं कडं फरशीवर आपटल्याच्या आवाजानेच पळाले. अप्पांनी मला कोणाच्या पाठीत कधी घातलं नाही. ते म्हणायचे, "काठी दिसावी, लागू नये."

आणि खंडेनवमी! त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची. तराजू, कात्री, पकड, भांड्यांवर नाव टाकायचं मशीन. पण मधली जागा माझी. मला विभूतीचे पट्टे, हळद-कुंकू, झेंडूची माळ. "घरातलं शस्त्र म्हणावं असं हेच," अप्पा सांगायचे.

मी मनाने मोठी नाही, मित्रांनो. इलेक्ट्रॉनिक काटा घरात आला त्या वर्षी त्याला माझ्यापेक्षा जाड माळ मिळाली, तर मी दिवाळीपर्यंत कुढत होते. तरी तेव्हा अप्पा होते. ते गेले, आणि त्यांचा मुलगा सोमेश्वर मला फक्त माळ्यावरची पातेली ओढायला हातात घेऊ लागला. तेल कधी लावलं नाही. माझ्याजवळ आपणहून येणारं एकच माणूस उरलं, सोमेश्वरची साडेतीन वर्षांची अपेक्षा. घरात तिला अपू म्हणतात. ती मला बिलगून उभी राहायची आणि ओरडायची, "आई, बघ, मी हिच्या इथपर्यंत आले!"

सोमेश्वरचा चुलतभाऊ विश्वेश्वर, घरच्यांचा इशा, रस्त्यांची कामं घेतो. दोन वर्षांपूर्वी हे दोघं एका लग्नाला गेले होते. परत आल्यावर सोमेश्वर जेवेना.

"काय झालं?" त्याची बायको शिवांजली हिने विचारलं.

"इशानं रिव्हॉल्व्हर घेतलंय. कमरेला लावून आलता. मांडवात शिरला तर लोकं उठून उभे राह्यले. त्याला पुढच्या सोफ्यावर बसवलं, फेटा बांधला. अन् मला काय इचारलं माहीत हाय? म्हणे, पातेले कधी पोचतील."

"मग पोचवा की पातेली," शिवांजली म्हणाली.

सोमेश्वरला हसू आलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्याने बीडला जाऊन परवान्याचा अर्ज केला. व्यापारानिमित्त रोकड न्यावी लागते, जिवाला धोका आहे, असं त्यात लिहिलं. पुढे बरेच महिने तो कलेक्टर ऑफिसला चकरा मारत होता, आणि एक दिवस परवाना हातात पडला. मात्र ठरलेल्या मुदतीत हत्यार घेतलं नाही तर परवाना जाणार होता. मुदत दिवाळीपर्यंतची होती.

नवं, बेताचं मिळत होतं. पण तसलंच विश्वेश्वरकडे होतं. सोमेश्वरला त्याहून मोठं हवं होतं. पाटोद्याकडच्या सुंदररावांकडे एक जुनं विलायती रिव्हॉल्व्हर आहे, जाड नळीचं, मोठ्या बोअरचं, म्हणजे मोठ्या भोकाचं, असं त्याला कळलं. सुंदरराव एके काळी गावचे पुढारी. आता वय झालेलं, मुलं पुण्याला. त्यांना ते योग्य माणसाला द्यायचं होतं.

शिवांजली अंबाजोगाईच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. या घरात द्राक्षसुद्धा चार तुकडे करून पोरीच्या हातावर ठेवतात, ते तिच्यामुळे. फिनेलची बाटली वरच्या फळीवर, खालच्या प्लगांना चिकटपट्ट्या. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती नवऱ्याशी वाद घालायची आणि मी दाराआडून ऐकायचे.

"तुम्हाला मारायला कोण येणारे? झाकण बसत नाही म्हणून गिऱ्हाईक?"

"तुला न्हाई कळायचं."

"ठेवणार कुठं?"

"कपाटात."

"अन् किल्ली?"

"अप्पाच्या फोटोमागं."

"अपूला विचारा बरं किल्ली कुठं असते."

अपू लगेच बोट दाखवायची, फोटोकडे.

माझं सगळं मत शिवांजलीच्या बाजूने होतं. पण ती भांडत होती पोरीसाठी, आणि मी कुढत होते माझ्या जागेसाठी. तेव्हा मला हे दोन्ही एकच वाटायचं.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळीच सुंदररावांची जीप दारात उभी राहिली. धोतर, काठाचा फेटा, बगलेत चामडी पिशवी. "सणाचा दिवस हाय, शेठ," ते म्हणाले. "पूजा तुमच्या पाटावर होऊ द्या. पटलं तर कागद करू. तवर माल माझाच."

पिशवीतून पिवळं मखमली फडकं निघालं आणि फडक्यातून ते. काळंनिळं, जाडजूड, मुठीचं लाकूड हाताळून गुळगुळीत झालेलं. अप्पा गेल्यापासून माझ्या अंगावर कोणी सुती चिंधी फिरवली नाही, आणि ह्याला मखमल!

"रिकामं हाय ना, दादा?" सोमेश्वरने विचारलं.

"हाय की."

सोमेश्वरने ते हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे थेट दुकानातल्या काट्यावर ठेवलं. तांब्याचा हंडा ठेवावा तसं. आकडे हलले, थांबले.

"एक किलो नव्वद ग्रॅम!" त्याचे डोळे चमकले. "दादा, इशाचं किती भरत असंल?"

"त्याचं?" सुंदरराव हसले. "त्याचं पोरायच्या खेळण्यात घालायचं."

सोमेश्वर इतका खूश झाला की त्याने खांद्यावरच्या टॉवेलने त्या वस्तूला दोनदा पुसलं. मग तो आत आला. पाट मांडलेला होता आणि मधल्या जागी मी होते, ताजी माळ घालून. त्याने मला उचललं, भिंतीला टेकवलं आणि त्या जागी रिव्हॉल्व्हर ठेवलं. माझी माळ काढून त्याला घातली. मित्रांनो, माझीच माळ.

"खाली नका ठेवू, अहो," शिवांजली कुजबुजली. "अपू आहे."

तिच्या सासूबाई शिवगंगाबाई निरांजन लावत होत्या. त्या म्हणाल्या, "देवाच्या पाटाला कोन हात लावतंय गं? पाहुण्यासमोर किरकिर करू नको." आरती झाली. सासूबाई नैवेद्य घेऊन शेजारच्या मठात गेल्या. सुंदररावांची परवान्याची पुस्तिका बघायला पुरुष मंडळी दुकानाच्या काउंटरवर गेली. शिवांजली पुऱ्या तळायला बसली, पण स्वयंपाकघराचं दार तिने उघडंच ठेवलं होतं.

पाटाशी अपू एकटी राहिली. हातात कुंकवाची वाटी. तिने त्यात पळीभर पाणी ओतलं, कालवलं आणि एकेकाला लावायला सुरुवात केली. तराजूला लावलं. मशीनला लावलं. मग तिने माझ्याकडे मान वळवली. मी म्हटलं, आली. पण तिची नजर त्या काळ्यानिळ्या पाहुण्यावर गेली आणि ती त्याच्यासमोर फतकल मारून बसली.

तिने त्याला लाल रंगवलं. मग तिला त्याचं तोंड दिसलं. "याला डोळा हाय," ती स्वतःशी म्हणाली. त्या डोळ्याभोवती तिने ओलं कुंकू लावलं, बोटाने गोल गोल. मग त्या डोळ्याच्या आत काय आहे ते बघायला ती वाकली. तिने नळी दोन्ही हातांनी वर उचलली. मूठ पाटावरच होती. एक हात खाली सरकला, जिथे बोट अडकवायची कडी असते तिथे.

आता जे सांगते ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात आलं, वाजू दे. एकदा वाजू दे, छताला भोक पडू दे, म्हणजे याची या घरातून कायमची हकालपट्टी होईल. मला पाट दिसत होता, माळ दिसत होती, तो दिसत होता. त्याच्या तोंडाशी पोर आहे, हे मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर होती, तरी दिसली नाही.

शिवांजलीला दिसलं. ती दारात आली, हातात झारा. मला वाटलं किंचाळेल. ती किंचाळली नाही. दचकलेलं पोर मूठ आवळतं, हे तिला ठाऊक असावं. तिने झारा हळूच खाली ठेवला, दारातच मांडी घातली आणि गाल फुगवले.

"सगळ्यांना कुंकू लावलं," ती म्हणाली, "अन् आईला नाही. मी रुसले."

"थांब ना. ह्याचं राहिलंय."

"हा आत्ता आलेला. मी किती दिवसांची! आधी त्याला? जा, मी बोलत नाही तुझ्याशी."

अपू खुदकन हसली. नळी ठपकन पाटावर पडली. वाटी घेऊन ती धावत आईच्या मांडीत शिरली, आणि शिवांजलीने तिला असं कवटाळलं की कुंकू दोघींच्या अंगभर झालं. तेल जळल्याचा वास घरभर सुटला होता. शिवांजली गॅस बंद करायलासुद्धा पोरीला कडेवरून खाली न ठेवता गेली.

वासाने पुरुष आत आले. "काय झालं बे?" सोमेश्वर कोणाला विचारत होता त्यालाच माहीत.

"हे रिकामं आहे ना?" शिवांजलीने विचारलं. आवाज शांत होता.

"दादा म्हणले की, रिकामं हाय."

"तुम्ही बघितलं?"

सोमेश्वरने सुंदररावांकडे पाहिलं. सुंदरराव पुढे झाले, खाली बसले आणि त्यांनी ते हत्यार मधोमध उघडलं. चक्री फिरवली. सहाही घरं रिकामी होती.

"बघ! उगं जीव काढती," सोमेश्वर मोठ्याने हसला.

"उघडायच्या आधी माहीत होतं का?" शिवांजलीने सुंदररावांना विचारलं. "दादा, देवाशप्पथ सांगा."

म्हाताऱ्याने फेटा काढून मांडीवर ठेवला. "न्हाई, माय," ते म्हणाले. "रिकामं आसंल, असं वाटत होतं."

सोमेश्वर अजून हसतच होता. हसत हसतच त्याने अपूला बायकोच्या कडेवरून घेतलं. "काय गं, घाबरवलं का आईला?" म्हणून त्याने तिचं तोंड वर केलं, आणि त्याचं हसू जागीच थिजलं.

पोरीच्या उजव्या डोळ्याभोवती एक लाल कडं उमटलं होतं. गोल, रेखीव, अंगठीच्या ठशासारखं. त्याने खाली पाहिलं. नळीच्या तोंडाला ओलं कुंकू होतं, तेवढ्याच मापाचं.

तो खाली बसला. टॉवेलच्या टोकाला थुंकी लावून तो पोरीचा डोळा पुसत राहिला. पुसून झाला तरी पुसत राहिला.

सुंदररावांनी ते फडक्यात गुंडाळलं. "मी बी आता हे ठाण्यात जमा करून टाकतो, शेठ," ते म्हणाले. "माझे बी नातवंडं येतेत दिवाळीला." पुरी न खाताच ते गेले.

दुपारी विश्वेश्वरचा फोन आला. सोमेश्वर जेवत होता, हात खरकटा होता, म्हणून त्याने फोन खाली ठेवून स्पीकर लावला.

"घेतलं का बे? लई मोठं हाय म्हणे!"

"न्हाई घेतलं."

"कावून? बायको नको म्हणली का?" पलीकडे कोणीतरी हसलं.

सोमेश्वरने अपूकडे पाहिलं. ती जेवता जेवता पेंगली होती.

"न्हाई," तो म्हणाला. "पोरीला आवडलं, म्हणून."

आणि त्याने फोन बंद केला.

दिवाळी आली, मुदत गेली. सोमेश्वर अजूनही लग्नाहून आला की थोडा गप्प असतो. हेवा काही एका दिवसात जात नाही. मला विचारा. पण तो जेवतो.

आणि माझं म्हणाल, तर मला वाटलं होतं की आता माझी जागा मला मिळेल. तसं झालं नाही. खंडेनवमीच्या दुसऱ्याच दिवशी शिवांजली स्टुलावर चढली, भिंतीत उंचावर दोन खिळे ठोकले आणि मला आडवं टांगलं. "ही पण खाली नको," ती म्हणाली. "डोळ्यात जाईल." इथून मला सगळं घर दिसतं. अपू खाली येऊन उभी राहते, हात वर करते, टाचा उचलते, आणि माझ्यापर्यंत पोचत नाही. मला फार वाईट वाटतं. आणि शिवांजलीने बरोबर केलं, असंही वाटतं.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. कुठे असलं हत्यार पडलेलं दिसलं, मग ते पाटावर असो की उशीखाली, तर त्याला हात लावू नका. मागे सरा आणि मोठ्यांना हाक मारा. कोणी रिकामं आहे म्हणालं, तरी. आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझा निरोप द्या, की जे पोरांच्या हाताला लागू नये ते उंच ठेवा, कुलपात ठेवा, आणि शक्य असेल तर घरात आणूच नका. तिथे टांगलेल्या वस्तूला एकटं वाटलं, तर वाटू द्या.