सोनेरी आकडा

पेटी उघडली आणि लेकीच्या काळजात धस्स झालं. आत गिटार नुसती चकाकत होती. दुकानाच्या काउंटरवरचा दिवा तिच्यात अख्खा दिसत होता.

"काय? झाली की नाही बोलती बंद?" मागून अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे तिचे वडील. लाकडी सामानाला पॉलिश करण्यात त्यांचा उभा जन्म गेला. आता त्यांच्या भाड्याच्या गाळ्याच्या मालकाने सांगून टाकलं होतं, की संध्याकाळपर्यंत आगाऊ रक्कम भरा, नाहीतर गाळा दुसऱ्याला देतो. म्हणून तर लेकीने पहिल्या नोकरीचे पगार साठवून घेतलेली ही जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली होती. कंपनीने असल्या मोजक्याच केल्या होत्या आणि जिथे तारा पिळतात त्या डोक्याच्या मागे प्रत्येकीचा क्रमांक सोनेरी आकड्यांत घातला होता. जुन्या वाद्यांच्या या दुकानदाराने फोटो बघून जो भाव सांगितला, त्यात गाळा आरामात वाचत होता. वस्तू डोळ्यांखालून घालायची, एवढंच राहिलं होतं.

आणि एवढ्यात अण्णांना काय बुद्धी सुचावी!

"काल ही कामावर गेली आणि मी गिटार काढली बाहेर," अण्णा रंगात येऊन दुकानदाराला सांगू लागले. "सगळा तडकलेला थर उतरवला, साहेब. विकायची वस्तू अशी मळकी कोण आणतं? आमच्याकडे जुनं टेबलसुद्धा पॉलिश केल्याशिवाय गाळ्याबाहेर जात नाही."

 दुकानदाराने बॅटरी लावून गिटारची कड बघितली, मग पोट, मग मान. लेक त्याच्या तोंडाकडे बघत होती. कंपनीचा मूळ थर गेला म्हणजे भाव उतरला, हे तिला कळत होतं. पण आकडा आहे ना? आकडा असला तर अजूनही जमेल. 

दुकानदाराने गिटार उलटी केली.

"हां, तिथेच तर जीव गेला माझा!" अण्णा हसत म्हणाले. "कुणीतरी नंबर मारून ठेवला होता. गोदामात मारतात ना, तसला. निघता निघेना मेला. शेवटी पॉलिशपेपर घेतला आणि घासघासून काढला. आता बोट फिरवून बघा, कळणारसुद्धा नाही."

दुकानदाराने बॅटरी विझवली.

लेकीला ओरडावंसं वाटलं. असा संताप आला, की आत्ताच्या आत्ता अण्णांचा हात धरावा आणि विचारावं, हात लावायला कुणी सांगितलं होतं? एक शब्द विचारता येत नव्हता? पण अण्णा शाबासकीची वाट बघत उभे होते. तिने दुकानदाराकडे बघून हळूच मान हलवली. नका सांगू.

दुकानदार खाकरला. "आकडा नसेल तर ही साधी..."

"साधी कशी?" अण्णा उसळले.

"अण्णा, त्यांना नकोय," ती घाईघाईने म्हणाली. "त्यांच्याकडे अशा पुष्कळ आहेत. चला, आपण दुसरीकडे बघू."

"नकोय? एवढी आरशासारखी केली, तरी नकोय?" अण्णांचा पारा चढला. "अहो साहेब, डोळे आहेत की बटणं? आणि तुम्ही काय विकता, ते तरी बघू द्या!"

ते तरातरा काचेच्या कपाटापाशी गेले. लेक "अण्णा, राहू दे" म्हणेपर्यंत ते नाक काचेला लावून उभेसुद्धा होते.

"हे बघ, हे बघ! रंग उडालाय, टवके गेलेत, आणि या भंगाराला कुलूप! किंमत तरी..." त्यांनी चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली.

कपाटातली ती गिटार मुद्दाम पाठमोरी टांगली होती. तिच्या डोक्यामागे सोनेरी आकडे होते.

 अण्णांनी आपला उजवा हात वर करून डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याच्या नखात पॉलिशच्या काळपट रेषेत एक सोनेरी कण अडकला होता.

"हाच हवा होता होय गं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलण्यात आता काही अर्थ नव्हता. "हो," ती म्हणाली.

"आणि माझा गाळा?"

"गेला, अण्णा."

दुकानदार उगाच तारांची पाकिटं लावत बसला. अण्णांनी गिटार उचलून पेटीत ठेवली आणि पेटी लेकीकडे न देता स्वतःच उचलली. पायरीवर येऊन म्हणाले, "तू माझ्यासाठी विकत होतीस. मला वाटलं, निदान माझा हात तरी लागावा तिला."

"मला राग आलाय, अण्णा. खूप राग आलाय."

"येऊ दे," ते म्हणाले. "यायलाच हवा."

दुपारभर दोघांनी मिळून गाळा रिकामा केला. डबे, कुंचले, चिंध्यांची पोती, सगळं टेम्पोत चढलं.  शेवटी एक उपडं खोकं आणि भिंतीतलं विजेचं सॉकेट तेवढं राहिलं. अण्णांनी खोकं झटकलं, गिटारची पेटी आणली, घरून मागवलेला तिचा स्पीकर आणला आणि वायर स्वतःच्या हाताने सॉकेटमध्ये खुपसली.

"बस खोक्यावर," ते म्हणाले. "मालक येईपर्यंत गाळा आपला आहे."

तिने तारा छेडल्या; राग अजून गेला नव्हता, आणि रिकाम्या गाळ्यात आवाज असा घुमला, की टेम्पोवाला कानांवर हात ठेवून बाहेर पळाला. तिने गिटार घेतल्यापासून घरात अण्णांचं एकच पालुपद होतं, आवाज कमी कर. आज ते भिंतीला टेकून, स्वतःचेच हात एकमेकांत धरून बसले होते. एकदाही तसं म्हणाले नाहीत.