सोडणावरचं ऑर्किड

दीपाली दिवाळीनंतर बाळंतपणासाठी देवरूखला माहेरी निघाली, तेव्हा रिक्षात बसता बसता मला म्हणाली, "आई, माझं ऑर्किड तेवढं सांभाळा. बाकी काही करू नका, आठवड्यातून एकदा पाणी."

काही करू नका, हे सुनेने मला सांगायचं? मी या अंगणात नारळ वाढवले, कढीपत्ता वाढवला, मुलगा वाढवला. ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिला दिलेलं ते पांढऱ्या फुलांचं झाड पाहिलं, तर कुंडीत माती नाहीच, नुसते सालीचे तुकडे. म्हटलं, उपासमार चाललीय बिचाऱ्याची. तुकडे फेकून दिले, चांगली लाल माती भरली आणि कढीपत्त्याला घालते तसं रोज मासे धुतलेलं पाणी घातलं.

तीन आठवड्यांत फुलं गळली, पानं पिवळी पडली, कुंडीला वास यायला लागला. मी आणखी पाणी घातलं.

त्याच सुमारास माझा मुलगा रितेश जेवताना बोलून गेला, की मे महिन्यात दीपाली पुन्हा कामावर जाईल, म्हणून तिने पाळणाघराची चौकशी केलीय. मी घरात धडधाकट असताना माझं नातवंड पाळणाघरात? तोंडाने मात्र "तिची मर्जी" म्हणाले आणि ताटावरून उठले. पडवीत त्या कुंडीपाशी आले नि मला खरंच भीती वाटली. झाडाची ही गत केलेली पाहिल्यावर ती बाळ कशाला ठेवेल माझ्याकडे?

आमच्या आंब्याच्या कलमांवरची बांडगुळं काढायला दरवर्षी भागोजी येतो. त्याने कुंडी हुंगली आणि तोंड फिरवलं.

"वयनी, ह्याला मातीत कोणी घातलंन?"

"मीच."

"अवो, ह्ये सीतेच्या येणीच्या जातीतलं. आंब्याच्या फांदीवर ऱ्हातं, वाऱ्यावर. बांडगुळासारखं झाडाला खात न्हाय. मुळांना वारा नको? गुदमारलं ना!"

आम्ही दोघांनी ते उपटलं. मुळं कुजून लिबलिबीत झाली होती. कुजकी कापली, कापल्या जागी हळद लावली. उरली दोन मुळं आणि एक पान. भागोजीने ते नारळाच्या सोडणावर, सोलून काढलेल्या जाड सालीवर, काथ्याने बांधलं आणि पडवीत सावलीला टांगलं. "आता काय करू नका," तोही म्हणाला.

काही न करणं माझ्या स्वभावात नाही. हात नुसते शिवशिवायचे. सोडण सुकलं की पाण्याचा फवारा मारायचा, बस्. एक महिना गेला, दोन गेले, काही हालचाल नाही. हातखंब्याला एका नर्सरीत तसंच पांढरं फुललेलं ऑर्किड दिसलं, तेव्हा मी ते उचललंसुद्धा. बदलून ठेवलं तर कुणाला कळणार होतं? पण मग रोज दीपालीच्या तोंडाकडे बघायचं कसं? होतं तिथेच परत ठेवून दिलं आणि चरफडत एसटीत बसले. मार्चमध्ये एक मूळ फुटलं, हिरव्या टोकाचं. मी रितेशला दाढी अर्धी टाकून पडवीत यायला लावलं.

दीपाली एप्रिलअखेर आली. तिला नि बाळाला ओवाळलं, घरात घेतलं, आणि ती टेकायच्या आत तिला पडवीत नेलं.

"मी मारलं होतं तुझं झाड," मी म्हटलं. "माती घातली, माशाचं पाणी घातलं. तू नको म्हणाली होतीस तरी. चुकलं माझं."

सुनेपुढे असं बोलायला माझी जीभ आजवर कधी वळली नव्हती. तिने टांगलेलं सोडण फिरवून ते एक पान न्याहाळलं. मला वाटलं, संपलं.

"मग एवढे महिने काय केलंत?"

"काही नाही. रोज बघत बसले."

"हात न लावता? तुम्ही?"

"विचार रितेशला."

तिला हसू आलं. तिने बाळ माझ्या हातांत दिलं. "पाळणाघराला नको म्हणून कळवते. पण आई, ह्याला काहीही द्यावंसं वाटलं, घुटी असो की मध, आधी मला विचारायचं."

एरवी मी उसळले असते. बाळाने माझं बोट घट्ट धरलं होतं.

"विचारेन," मी म्हटलं.