काटकोनातली करणी

आमच्या उसातल्या जळक्या पट्ट्याला चार कोपरे होते आणि चारही काटकोनात होते. भोवतीचा ऊस कमरेइतका, आत मात्र वीतभर, पिवळी, करपलेली रोपं. रोग असा पसरत नाही. वाळवीही दोरी लावून खात नाही. नेमक्या तेवढ्याच जागेवर शेहेचाळीसच्या जानेवारीत भाऊसो धनगराची मेंढरं बसली होती.

मेंढरं रात्री रानात बसवायची, लेंडीमुताचं खत घ्यायचं आणि बदल्यात धनगराला धान्य द्यायचं, ही पलूसची नेहमीची रीत. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळ्याचं कुंपण, रोज पुढं सरकवायचं असतं. माझे धाकटे दीर लालासाहेब यांनी ते सरकवू दिलं नाही. रस्त्याकडचं रान येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतं. तिथंच ऊस सर्वांत उंच व्हायला हवा होता.

"बसू दे रं हितंच. जास्त खत, जास्त ऊस," ते माझ्यादेखत म्हणाले होते. वर उसाची लागणही घाईनं केली. ताज्या खतानं कोवळी मुळं भाजली. मी हे समजावायला गेले.

"वैनी, तुमी सांगलीच्या पोरींना शिकवा," ते म्हणाले.

स्वतःला मूर्ख म्हणवून घेण्यापेक्षा दुसऱ्याला मांत्रिक ठरवणं सोपं. लालासाहेबांनी पारावर सांगितलं, भाऊसोनं भंडारा टाकून करणी केली. आखाडापर्यंत त्या गोष्टीतून भाऊसो गळाला आणि त्याच्या जागी सगळे धनगर आले.

दिवाळीनंतर शाळेत डबा खाताना इतिहासाच्या बाईंनी मला गंभीरपणे सांगितलं, की धनगर उसावर करणी करतात, पिढ्यान्‌पिढ्या.

"कुठल्या गावी?" मी विचारलं.

"पलूसला."

त्या पिढ्यांचं वय तेव्हा वर्षाचंही नव्हतं. बाई पदवीधर होत्या.

नाताळच्या सुटीत मी घरी आले, तेव्हा भाऊसो अंगणात उभा होता. त्याच्या गावाकडचा, वडूजकडचा चारा संपलेला, आणि कुंडलपासून भिलवडीपर्यंत कुणी त्याला रानात घेत नव्हतं. वाटेत मेंढरं मरायला लागली होती. फाटकाबाहेर त्याची बायको सुलाबाई उरलेला कळप धरून होती.

"मालक, तुमी एकदा म्हना, करनी न्हाई म्हनून. मग सगळी घेत्यात."

लालासाहेब सुपारी कातरत होते. "म्हनू कसं? ऊस जळला न्हवं?"

ओसरीवर त्यांच्या सुपारीवर जगणारा जोतीराम बसला होता. "मालक, ह्याच्याकडं लय बघू नगा. मिशी जळंल."

दोघं पोट धरून हसले.

"आवं, मिशीला करनी कशाला पायजे?" सुलाबाई बाहेरून म्हणाली. "बिडी उलटी धरली तरी जळती."

जोतीरामाचं हसू तिथंच थांबलं. त्याचा हात मिशीकडे गेला.

"बघितलं, वैनी?" लालासाहेब म्हणाले. "ही जातच उर्मट."

दुसरी समजूत माझ्यासमोर जन्माला आली. पहिलीपेक्षा हिला फारच कमी वेळ लागला. उद्या ती पारावर असेल, आणि उन्हाळ्यापर्यंत इतिहासाच्या बाईंच्या डब्यात.

"मालक, निदान ह्या हप्त्यापुरतं तरी," भाऊसो म्हणाला. "गाभण मेंढ्या हायत्या. फुडं चालवंना त्यांना."

"माझ्या रानात न्हाई."

माझे यजमान ब्रह्मदेशच्या लढाईत गेले, त्याला तीन वर्षं होत आली होती. त्यांचा हिस्सा कायद्यानं माझ्याकडे आला होता. वकिलांनी ते मला समजावलं होतं, आणि मी प्रत्येक सुटीत गप्प राहून परत गेले होते. एका चुलीच्या दोन करणारी बाई म्हणून मला ओळखलं जायला नको होतं. लालासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि भाऊसोला हातानंच फाटक दाखवलं.

"भाऊजी," मी म्हणाले, "मला वाटणी पाहिजे. आजच. भाऊसो, विहिरीकडचं रान माझ्या हिश्श्याचं. मेंढरं तिकडं घ्या."