पुतणीच्या सहीची हमी

मुलांना पाढे शिकवणारं आमचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा कोड कोणीही वाचू शकतो. नवी आवृत्ती सोडण्याआधी मी बदललेली प्रत्येक ओळ वाचतो आणि मगच माझी डिजिटल सही करतो. ती सही तपासूनच शाळा आवृत्ती उतरवून घेतात.

या वेळी एक ओळ खटकली. कोणतं मूल कुठे चुकलं, हे नावासकट एका कंपनीकडे जात होतं. ओळ माझ्यासोबत या कोडवर काम करणाऱ्या पुतणीने घातली होती. मी तिला फोन केला.

"काका, उगाच राईचा पर्वत करताय. त्यांनी आपल्याला सर्व्हर दिलाय."

"पोरांच्या चुका वहीत राहू देत, बाजारात नकोत. मी सही करणार नाही."

"नका करू. माझी चालते. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्हीच संगणकावरून सगळ्या शाळांना हमी दिलीत ना, हिची सही म्हणजे माझीच समजा म्हणून?"

दिली होती. तिला पाढे मी शिकवले होते, कोड लिहायलाही मीच शिकवलं होतं.

दुपारी तिने सही करून आवृत्ती सोडली. माझ्याच संगणकाने तपासून सांगितलं, सही विश्वासू व्यक्तीची आहे.

मी हमी मागे घ्यायला बसलो. हे सगळ्या शाळांना कळणार होतं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या भावालाही. संगणकाने कारण विचारलं आणि तीन-चार पर्याय दिले. शिकवणाराच कमी पडला, असा पर्याय त्यांत नव्हता. मी 'कारण नाही' निवडलं.