फिरती पाटी

बर्फ पडला की नगरपालिकेतला फोन वाजतो, आणि फोन वाजला की ओनोदेरा म्हणतो, "आपली तक्रार वरपर्यंत पोहोचवतो." रस्ते विभागात अकरा हिवाळे त्याने हे एकच वाक्य वापरलं होतं. आवाज इतका नम्र, की फोन ठेवताना माणसाला आपलंच काही चुकलं असं वाटावं.

त्या बुधवारी आठ वाजेपर्यंत सतरा फोन होऊन गेले होते. बर्फाची गाडी आमच्या दारात ढीग लावून गेली. गाडी आलीच नाही. गाडी आली, पण समोरच्यांच्या दारात जास्त वेळ थांबली! अठरावा फोन खालच्या आळीतल्या तोयो आजींचा.

"चौथ्यांदा सांगतेय रे. गटार तुंबलंय, पाणी रस्त्यावर येऊन गोठलंय. ह्यांना डायलिसिसला न्यायला नऊला गाडी येणार. सोमवारी ती कोपऱ्यावरूनच परत गेली. आजही गेली तर? ह्यांचे पाय बघ येऊन, तांदळाच्या भाजलेल्या मोची-वडीसारखे फुगलेत."

"आजी, आपली तक्रार वरपर्यंत..."

"तुझ्या वर कोण बसतं? त्याला म्हणावं, खाली ये!" फोन आपटला.

कोपऱ्यात चहा पीत बसलेला तोगाशी हसला. बर्फाची गाडी चालवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. "चल, बस गाडीत."

"मी? आणि फोन?"

"तो तुझ्याविनाही वाजेल."

वाटेत ओनोदेराची चिडचिड सुरू झाली. आमच्या गावात रस्त्याच्या कडेने गटारातून नदीचं पाणी खेळवलेलं असतं. लोखंडी झाकण उचलायचं, दारातला बर्फ आत लोटायचा, पाणी तो वाहून नेतं. यंदा पाणी कमी, म्हणून वेळा वाटून दिल्या होत्या. वरच्या आळीने सहा ते सात, खालच्या आळीने सात ते आठ.

"पण लोक सूचना वाचतील तर ना! सगळे एकदमच लोटतात. मी स्वतः मसुदा केला, स्वतः पाटीवर लावला, पाटी फिरवली."

"फिरली का?"

"फिरणारच! फिरती पाटी आहे ती. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. आजोबांच्या काळापासून चालत आलंय."

"शेवटच्या घरापर्यंत गेली का, ते विचारतोय."

"ते आमच्या विभागाकडे येत नाही," ओनोदेरा म्हणाला.

खालच्या आळीत रस्त्याची घसरगुंडी झाली होती. बायकामाणसं फावडी घेऊन उभी होती. ओनोदेराने कोटाची बटणं लावली आणि भाषणाला सुरुवात केली. "नागरिकहो, तुमची वेळ सात ते आठ आहे. तुम्ही सहालाच..."

"कोण म्हणतं सात?" एक बाई कडाडली. "आम्हाला कुणी कळवलं?"

"पाटीवर स्पष्ट लिहिलंय!"

"कुठली पाटी? नवीन वर्षापासून एक पाटी आली नाही इकडे!"

तोगाशी तोपर्यंत वळणावरचं झाकण उघडून लांब आकड्याने आत चाचपत होता. काहीतरी आडवं अडकलं होतं. त्याने जोर लावला, बर्फाचा मोठा गोळा फुटला, पाणी गडगडत निघालं आणि आकड्याला लागून हिरव्या प्लास्टिकची एक पाटी वर आली.

पाटीला लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतला कागद शाबूत होता. वरच्या आळीतले नऊ शिक्के. दहावा, त्याच आळीतल्या शेवटच्या घराचा, खुद्द ओनोदेराचा. त्याखाली सगळे चौकोन कोरे!

ओनोदेराला ती सकाळ आठवली. पाटी शेजारी द्यायला म्हणून बाहेर आणली, क्षणभर ढिगावर ठेवली. मग घड्याळ बघितलं, सात वाजत आले होते, आणि ढीग सगळाच्या सगळा गटारात लोटला. पाटीसकट!

तोयो आजी दारातून पुढे आल्या.

"वरपर्यंत पोहोचवतो म्हणालास. ही तर खालपर्यंत आली."

ओनोदेरा कमरेत वाकला. "चूक माझी आहे, आजी." अकरा वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच वापरलं, त्यामुळे जरा अडखळलं.

"वाकून बर्फ वितळत नाही," तोगाशी म्हणाला. "बर्फ शेजाऱ्याच्या दारात ढकलायला कुणी विसरत नाही, बाबा. निरोप ढकलायला तेवढा विसरतो. घे फावडं."

नऊला दवाखान्याची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली. तोगाशीचं यंत्र बर्फ खरवडत होतं, पण शंभरेक पावलं अजून काच होती. चालकाने नकारार्थी मान हलवली. तेव्हा ओनोदेरा आजींच्या दारात पाठ करून बसला. "या, आजोबा."

दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांनी हात दिले. गेन्झो आजोबा पाठीवरून म्हणाले, "पन्नास वर्षं कर भरतोय. नगरपालिका दारात आलेली आज बघितली!"

गाडी वेळेत गेली.

त्या दुपारी ओनोदेरा ओली पाटी घेऊन खालच्या आळीतली चौदाही घरं फिरला, प्रत्येक दारात थांबून. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "घर कुठलं? निघालोच."

वाचकहो, गावाचा रस्ता यंत्राने मोकळा होतो हे खरं. पण मोकळा राहतो तो शेजारी शेजाऱ्याला निरोप देतो म्हणून. आपल्या हातातली पाटी पुढच्या दारात देणं, एवढंच नागरिकाचं काम. फार अवघड नाही. आपल्या दारात बघा, एखादी पडली असेल.