टेकचे एकतीस अर्थ

माणसाची पारख आवडाबाईला भाजीसारखी होती. देठाकडं पाहिलं की आत कीड आहे की नाही ते तिला कळायचं, आणि उत्तमराव मास्तरांच्या बाबतीत तर देठ पाहायचीही गरज पडली नव्हती. पांढरी टोपी, कोपरावर विरलेला कोट आणि काखेत लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक, अशा थाटात हा गृहस्थ दर गुरुवारी मालेगावाहून तिच्या मळ्यात यायचा, खाटेवर मांडी ठोकायचा, तिच्या मुलीला इंग्रजी शिकवायचा आणि जाताना पिशवीभर भाजी घेऊन जायचा. वांगी न्यायचा तीही कोवळी, स्वतः निवडून. एवढा निवडक माणूस शिकवण्यात मात्र काही निवडत नव्हता.

मुलगी म्हणजे प्रयाग. सातवी पास झालेली, हुशार, हाताची हलकी. अकोल्याच्या दवाखान्यात नर्सबाईंचं शिक्षण सुरू झालं होतं आणि त्यासाठी थोडंफार इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवं होतं. चैत्रात परीक्षा होती. त्यात निवड झाली नाही तर पोरीला शिरपूरच्या बिजवराला देऊन टाकायचं, असं तिचे वडील भगवंतराव ठरवून बसले होते. तो बिजवर आवडाबाईनं एकदा पाहिला होता; जेवताना ताटापेक्षा परातीवर नजर ठेवणारा. त्याच्या घरी पोरगी घालण्यापेक्षा मास्तर सोसलेला बरा, म्हणून ती गप्प होती.

मास्तरांनी सात महिन्यांत एकच शब्द शिकवला होता. टेक. टेक म्हणजे घेणे, धरणे, स्वीकारणे, हिसकावणे, गिळणे, नेणे, जिंकणे, समजणे. शिवाय त्याची भावकी: सीझ, ग्रॅब, रिसीव्ह, ॲक्सेप्ट. प्रयागनं हे सगळं मराठी अक्षरांत वहीत उतरवायचं आणि हात जोडून म्हणायचं. ए-बी-सी-डी कधी शिकवणार असं तिनं एकदा विचारलं, तर मास्तर हसले आणि म्हणाले, ते शेंबड्या पोरांचं काम.

भगवंतराव मात्र वेडे झाले होते. बाजारात वाटे मांडणारा माणूस तो, जिथं वाटे जास्त तिथं माल जास्त एवढंच त्यांना ठाऊक. एका शब्दाचे एकतीस अर्थ ज्याला येतात त्याच्या डोक्यात काय कोठार असेल, असं ते चारचौघांत सांगायचे आणि मास्तरांच्या पिशवीत वरून मूठभर कोथिंबीर टाकायचे. आवडाबाई म्हणायची, घ्यायला एवढे शब्द कशाला लागतात, मास्तर तर एकही शब्द न बोलता पिशवी उघडतात. नवऱ्याला हा टोमणा कधी कळला नाही. त्याला कळेल अशी तिची अपेक्षाही नव्हती.

संक्रांतीला एकतीस अर्थ पुरे झाले आणि तिथं गाडं अडलं. माघ गेला, फाल्गुन आला, तरी मास्तर पुन्हा पहिल्यापासून म्हणून घेत होते. पाया पक्का पाहिजे, म्हणायचे. परीक्षेला पंधरा दिवस उरले होते.

त्याच सुमारास आवडाबाईनं मालेगावच्या बाजारातून ओवा आणला. प्रयागनं पुडी सोडली, ओवा डब्यात ओतला आणि कागद हातात धरून उभीच राहिली. छापील पान होतं. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. वर आकडा होता बत्तीस आणि पुढं लिहिलं होतं, फोटो काढणे. तेहेतीस, भाड्यानं घेणे. चौतीस, भुरळ घालणे.

"माय," प्रयाग म्हणाली, "हे आपलं टेकच होय. मास्तर जिथं थांबले त्याच्या पुढचं."

आवडाबाई तशीच उठली आणि मालेगावी किराणावाल्याकडं गेली. तो म्हणाला, एका म्हाताऱ्या कारकुनाच्या घरून रद्दीत जाड पुस्तक आलं होतं, पहिल्या पानापासून फाडत आलो, मधे सात-आठ महिने ते पोत्याखाली दडपलं होतं, परवा पुन्हा हाती लागलं. म्हणजे टेकच्या आधीचं सगळं इंग्रजी हळद-तिखटाबरोबर तालुक्याच्या फोडणीत गेलं होतं. आणि टेकचं पहिलं पान कुणाच्या पुडीतून कुठं गेलं, ते तिला विचारावं लागलं नाही.

मास्तर घरीच होते. तिनं खुंटीवरचं लाल फडकं काढलं आणि त्यांच्यादेखत सोडलं. आत एक जुनं पंचांग होतं आणि पंचांगात एक पान. हळदीचा डाग पडलेलं, एकतीसवर संपणारं. तिनं आपलं पान त्याच्या शेजारी ठेवलं.

वाटलं होतं माणूस शरमेनं मेल्यासारखा होईल. पण मास्तर त्या दुसऱ्या पानावर झडपच घालायला निघाले. "बत्तीसावा," ते पुटपुटले, "बत्तीसावा सापडला." आवडाबाईनं पान मागं ओढलं. असला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहायची हौसही नव्हती.

"तुमाले इंग्रजी वाचता येते का नाई, तेवढं सांगा," ती म्हणाली.

येत होतं. मॅट्रिक दोनदा नापास असले तरी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचण्याइतकं आणि नाव-गाव लिहिण्याइतकं चांगलं येत होतं.

"मंग पोरीले ते काहून नाई शिकोलं?"

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "साधं शिकोलं तं कोन मानते, आवडाबाई? ए-बी-सी-डी शिकोनाऱ्याले तुमच्या घरी खाट टाकली असती का?"

खाट दर गुरुवारी आवडाबाईच टाकायची. झटकून, वर धुतलेली वाकळ घालून. मास्तरांना नावं ठेवताठेवता. या गोष्टीचा तिला राग आला, आणि तो राग तिनं मास्तरांवरच काढला. उद्यापासून रोज यायचं, तिनं बजावलं, भाजी मिळणार नाही, खाट मिळणार नाही, आणि हे पान पोरीचा दवाखान्यातून कागद आल्यावर मिळेल. बत्तीसाव्या अर्थाच्या ओढीनं तो माणूस बारा दिवस उन्हातून चालत आला, जमिनीवर बसला आणि साधं शिकवलं. प्रयाग बारा दिवसांत अक्षरं लावायला लागली. अकोल्याला तिच्यापुढं औषधाच्या तीन बाटल्या ठेवल्या, तिनं तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या. टेक कुणी विचारलंच नाही.

कागद आला, प्रयाग अकोल्याला गेली, शिरपूरचा बिजवर दुसरीकडं जेवायला गेला. आवडाबाईनं ओव्याचा वास येणारं ते पान मास्तरांच्या अंगावर टाकलं आणि सुटले म्हणाली.

आषाढातल्या बाजारात ती वांगी लावून बसली होती. समोर मास्तर उभे होते, काखेत लाल फडकं, आणि त्यांच्यापुढं तांड्यावरचा गुलाबसिंग हात जोडून उभा. त्याची पोरगी हिरी औंदा सातवी झाली होती. "अठ्ठेचाळीस अर्थ," मास्तर सांगत होते. मग त्यांची नजर आवडाबाईवर गेली आणि त्या माणसानं खुशाल तिच्याकडं बोट केलं. "या बाईले विचारा. हिच्याच पोरीले नर्स केलं मी."

गुलाबसिंग विचारायला आला. आवडाबाईनं खरं ते सांगितलं. म्हणाली, याच्यापाशी दोन पानं आहेत, रद्दीतली. पोरगी बारा दिवसांच्या ए-बी-सी-डीवर निघाली, बाकी सात महिने वांगी फुकट गेली.

गुलाबसिंगानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमची पोरगी अकोल्याले गेली," तो म्हणाला, "अन् आता आमच्या पोरीची पाळी आली तं मास्तर खोटा?"

एवढं बोलून तो वळला आणि तुपाचा गडू मास्तरांच्या पिशवीत अलगद ठेवला, सांडणार नाही असा. जाताना त्यानं मागं वळून एकदा पाहिलं. ती नजर आवडाबाईच्या चांगल्या ओळखीची होती. चाळीस वर्षं तिनं ती दुसऱ्यांवर टाकली होती. तिनं मान खाली घातली आणि वांग्यांवर पाणी शिंपडत बसली.